काल, कळ आणि काळ : उच्चार लिहिण्याच्या विद्येचा एक पाठ

विद्यार्थिमित्रहो, या अंकांत तुम्हांस एक पाठ सांगावयाचा आहे. परंतु आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, हा पाठ प्रथम आम्हांस एका विद्यार्थिनीनें शिकविला. आम्हीं कांहीं वर्षें शिरूरास व कांहीं वर्षें दौंडास अध्यापन केलें आहे. घोडनदीच्या कांठचीं मुलें आणि भीमेच्या कांठचीं मुलें, दोघांचीहि बोली आमच्या कानांवर रोज पडत आली आहे. इतकी वर्षें ऐकूनहि आपण नीट ऐकत नव्हतों, हें आम्हांस ज्या दिवशीं कळलें, त्या दिवसाची ही हकीकत आहे.

एके सकाळीं सातवीच्या वर्गांतील एक मुलगी शाळेंत आली नाहीं. तिच्या वडिलांचा निरोप आमच्या मोबाइलवर आला होता. निरोप मराठी होता. पण हल्लीं पुष्कळ जण लिहितात त्याप्रमाणें तो इंग्रजी अक्षरांत लिहिला होता. आम्हीं तो वाचला तो असा : 'काल आली होती. आज पाठवीत नाहीं.' मुलगी आदल्या दिवशीं आली होती हें आम्हांस ठाऊकच होतें. मग तें पुन्हां कळविण्याचें प्रयोजन काय, आणि आज न पाठविण्याचें कारण कोठें आहे, असें मनांत येऊन आम्ही रुष्ट झालों. दुसऱ्या दिवशीं ती आली तेव्हां सर्व वर्गासमक्ष तिला जाब विचारला. ती खालीं मान घालून म्हणाली, "सर, अण्णांनी लिव्हलं व्हतं की." आम्हीं तिचें 'लिव्हलं' व 'व्हतं' हे दोन शब्द दुरुस्त केले, वर्ग हंसला, आणि मगच तिला बसूं दिलें.

मधल्या सुटींत तो निरोप पुन्हां उघडून पाहिला. के, ए आणि एल या तीन अक्षरांचा जो शब्द आम्हीं 'काल' असा वाचला होता, तो वडिलांनीं 'कळ' असा लिहिला होता. रात्रीं मुलीच्या पोटांत कळ आली होती.

त्याच दिवशीं शेवटच्या तासास वर्गासमोर तिची क्षमा मागितली. परंतु आमच्या हातून त्या सकाळीं दोन चुका घडल्या होत्या. पहिली ही. दुसरी ओळखावयास आम्हांस बरेच दिवस लागले. ती कोणती, हें लेखाच्या शेवटीं सांगूं.

अक्षरें अपुरीं पडतात

पहिल्या चुकीचा विचार करूं. वडिलांनीं चुकीचें कांहीं लिहिलें नव्हतें. त्या तीन अक्षरांतून काल, काळ, कळ व कल हे चारहि शब्द निघतात. इंग्रजी वर्णमालेंत अक्षरें २६. त्यांत 'ल' आणि 'ळ' यांस मिळून एकच अक्षर, 'अ' आणि 'आ' यांस मिळून एकच, 'त' आणि 'ट' यांसहि एकच. लिहिणारा आपल्या मनांतील शब्द लिहितो. वाचणारा आपल्या मनांतील शब्द वाचतो. आणि मध्यें अक्षरें मुकाट राहतात.

आपल्या दोन गांवांचीच गोष्ट घ्या. जुन्या इंग्रजी गॅझेटियरांत व नकाशांत शिरूरचें नांव ज्या अक्षरांनीं लिहिलेलें आढळतें, तीं परत मराठींत वाचलीं तर 'सिरूर' असें होतें. दौंडाची स्थिति याहून वाईट. त्याचें जुनें इंग्रजी लेखन मराठींत वाचलें तर 'धोंड' होतें! 'द'चा 'ध' झाला, 'औ'चा 'ओ' झाला, आणि आरंभींचा दन्त्य 'द' व शेवटचा मूर्धन्य 'ड' या दोहोंस एकच अक्षर लाभलें. जें गांव आम्हीं प्रेमानें दौंड म्हणतों, तें नकाशावर दगडधोंडा होऊन बसलें.

ही अडचण मोबाइलनें आणलेली नाहीं; ती चारशें वर्षांची जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांनीं मराठींत सुमारें ११,००० ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचलें, व तें १६१६ सालीं साष्टी प्रांतांतील रायतूर येथें छापलें गेलें. भाषा मराठी, छंद ओवी, पण छापखान्यांतील खिळे रोमन. त्या खिळ्यांत 'ण' नाहीं, 'ट' नाहीं, 'ळ' नाहीं. मग फादर स्टीफन्स यांनीं एक युक्ति योजिली : जीभ मागें वळवून उच्चारावयाचा वर्ण आला कीं तेंच अक्षर दोनदां लावावयाचें. एक 'एन' म्हणजे 'न', दोन 'एन' म्हणजे 'ण'. युक्ति सुबक खरी. पण या रीतीनें चालावयाचें तर 'अन्न' या शब्दांतील जोड 'न' निराळा कसा दाखवावा, हा प्रश्न उभा राहतोच. तो ग्रंथ प्रा. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्यास नागरी लिपींत प्रसिद्ध केला. म्हणजे मराठी पुराणास छापील नागरी वेष मिळावयास ३४० वर्षें लागलीं.

आपली नागरी लिपि

येथें कोणी विद्यार्थी म्हणेल, "सर, मग सर्वांनीं नागरींत लिहावें, म्हणजे झालें. आपली लिपि बोलावें तशी लिहितां येते." ही गोष्ट पुष्कळ अंशीं खरी आहे. कंठापासून ओंठांपर्यंत ध्वनि जेथें जेथें उत्पन्न होतात, त्या क्रमानें वर्ण मांडलेली अशी वर्णमाला असणें ही अभिमानाची गोष्ट आहे. तरी पण खालील दोन वाक्यें मोठ्यानें वाचा :

तो घरीं जात आहे.
आंब्याची ही जात निराळी आहे.

दोन्ही ठिकाणीं अक्षरें तींच. पण पहिल्या 'जात'मध्यें जिभेचें टोंक दांतांच्या मुळाशीं जातें, आणि दुसऱ्या 'जात'मध्यें जीभ टाळूकडे चढते. 'चार' आणि 'चारा' हे शब्द म्हणून पाहा. त्यांतील 'च' एक नव्हे. 'माझा' आणि 'माझी' यांतील 'झ' हि भिन्न. व्याकरणकार एकास दंततालव्य व दुसऱ्यास तालव्य म्हणतात. आपल्या लिपींत दोघांस एकच चिन्ह आहे. 'आवडतें' हा शब्द आपण लिहितों चार अक्षरांनीं, पण बोलतांना 'ड'मधला 'अ' गिळून 'आवड्तें' असें म्हणतों. आपणांस हें कोणी शिकविलें नाहीं. आईच्या मांडीवर तें आपण शिकलों. जो मराठी घरांत वाढला नाहीं त्यास हें पुस्तकावरून कळणार नाहीं, आणि यंत्र तर कोणाच्याच मांडीवर वाढत नाहीं.

उलट कांहीं ठिकाणीं नागरी लिपि फार सूक्ष्म भेद दाखविते. 'आचार्यांना बोलवा' व 'आचाऱ्यांना बोलवा' यांतील 'र'चें चिन्ह जरा बदललें कीं गुरुजींच्या जागीं स्वयंपाकी येऊन उभा राहतो!

तात्पर्य असें कीं, अक्षर ही एक वस्तु आहे आणि ध्वनि ही दुसरी. शब्द लिहिण्यासाठीं लिपि पुरते; परंतु तोंडांतून नेमकें काय निघालें हें लिहावयाचें असेल, तर प्रत्येक ध्वनीस एकच चिन्ह व प्रत्येक चिन्हाचा एकच ध्वनि अशी निराळी ध्वनिलिपि लागते. १८८६ सालीं पॅरिस येथें भाषाशिक्षकांनीं एक संस्था स्थापिली, आणि १८८८ सालीं त्या संस्थेनें आपली आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपि प्रथम प्रसिद्ध केली. हे लोक आमच्यासारखे शाळामास्तर होते. परभाषेचे उच्चार मुलांस बरोबर यावेत, एवढीच त्यांची प्रथम इच्छा होती. रोमन अक्षरें घेऊन, कांहींस शेंपटी लावून, कांहीं उलटीं करून त्यांनीं जगांतील भाषांच्या ध्वनींसाठीं चिन्हें तयार केलीं. मूर्धन्य 'ट'साठीं 'टी' या अक्षरास खालीं उजवीकडे वळलेली शेंपटी आहे. ऱ्हस्व 'अ'साठीं 'ई' हें लहान अक्षर उलटें ठेविलें आहे.

संगणकाचीं ९५ चिन्हें

पुढें संगणक आला, आणि फादर स्टीफन्स यांच्या छापखान्यांतील अडचण नव्या वेषांत परत आली. संगणकास अक्षर कळत नाहीं. त्यास फक्त संख्या कळते. म्हणून प्रत्येक अक्षरास एक क्रमांक द्यावा लागतो. १९६३ सालीं अमेरिकेंत अशा क्रमांकांची जी यादी ठरली, तिला आस्की म्हणतात. तींत एकंदर १२८ जागा. पैकीं कागदावर उमटणाऱ्या, मोकळी जागा धरून, ९५. इंग्रजी मोठीं व लहान मिळून ५२ अक्षरें, १० अंक, ३२ विरामादि चिन्हें आणि एक मोकळी जागा, एवढेंच भांडवल. त्यांत शेंपटीचा 'टी' नाहीं, उलटा 'ई' नाहीं. मग एका देशांतील संशोधकानें दुसऱ्या देशांतील संशोधकास उच्चार पाठवावा कसा?

युरोपांतील संशोधकांनीं १९८७ ते १९८९ या काळांत यावर एक संकेत बसविला; त्याचें नांव सॅम्पा. तो आरंभीं डॅनिश, डच, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन व इटालियन या सहा भाषांसाठीं होता. १९९५ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील ध्वनिशास्त्राचे अध्यापक जॉन वेल्स यांनीं तो वाढवून संपूर्ण आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीस पुरेल असा केला. यास एक्स-सॅम्पा म्हणतात. नवें अक्षर एकहि न घडवितां, हाताशीं असलेल्या चिन्हांनीं सर्व ध्वनि लिहावयाचे, ही त्यांतील खुबी.

त्याचे नियम आपल्या मराठीपुरते असे सांगतां येतील. इंग्रजींत मोठें व लहान अक्षर यांचा उच्चार एकच. येथें तसें नाहीं. लहान 'एस' (क्रमांक ११५) म्हणजे 'स', आणि मोठा 'एस' (क्रमांक ८३) म्हणजे 'श'. ऱ्हस्व 'अ'साठीं पत्त्यांत वापरतात तें ॲट हें चिन्ह, क्रमांक ६४. स्वर दीर्घ असेल तर पुढें अपूर्णविराम, क्रमांक ५८. आणि जीभ मागें वळली कीं अक्षरापुढें एक लहान तिरकी मात्रा, क्रमांक ९६. ही मात्रा म्हणजे त्या शेंपटीची बदली. 'टी'पुढें ती आली कीं 'त'चा 'ट' होतो, 'एन'पुढें आली कीं 'न'चा 'ण', 'एल'पुढें आली कीं 'ल'चा 'ळ'.

आतां ज्या शब्दानें आमची फजिती केली, तो संगणकास कसा दिसतो तें पाहा. के म्हणजे १०७, ए म्हणजे ९७, एल म्हणजे १०८ :

कल — १०७, ६४, १०८
कळ — १०७, ६४, १०८, ९६
काल — १०७, ९७, ५८, १०८
काळ — १०७, ९७, ५८, १०८, ९६

चार शब्द, चार निराळ्या ओळी. एकाचा दुसऱ्याशीं घोटाळा नाहीं. अशीच आपल्या गांवांचीं नांवें स्थूल मानानें लिहूं :

शिरूर — ८३, १०५, ११४, ११७, ५८, ११४
दौंड — १००, ६४, ११७, ११०, ९६, १००, ९६

दौंडाच्या ओळींत १०० हा अंक दोनदां आहे. पहिल्यापुढें ९६ नाहीं, तो 'द'. दुसऱ्यापुढें ९६ आहे, तो 'ड'. शिवाय ११० पुढेंहि ९६ आहे. म्हणजे आपण लिहितों तो अनुस्वार वस्तुतः 'ण्' आहे, हेंहि ही ओळ सांगते. आम्हीं इतकीं वर्षें दौंड हें नांव घेतलें. पण त्यांत 'ण्' लपला आहे, हें अंक मांडीपर्यंत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

दोन 'च'कारांचाहि निकाल लागतो. चारा यांतील 'च' हा 'त्' व 'स्' यांच्या जोडीनें, आणि चार यांतील 'च' हा 'त्' व 'श्' यांच्या जोडीनें लिहितात. पण 'उत्सव' या शब्दांत 'त्' व 'स्' हे दोन स्वतंत्र वर्ण आहेत. त्यांहून भेद कळावा म्हणून 'च'च्या जोडींत मध्यें अधोरेषा, क्रमांक ९५, घालतां येते :

चार — ११६, ९५, ८३, ९७, ५८, ११४
चारा — ११६, ९५, ११५, ९७, ५८, ११४, ९७, ५८

तिसरा अंक पाहा. ८३ कीं ११५, एवढ्यावर 'च' कोणता तें ठरतें.

आतां कोणी विचारील, आज याची गरज काय? १९९१ सालीं युनिकोड निघालें. त्यांत नागरीस १२८ जागांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि ध्वनिलिपीचीं शेंपटीवालीं अक्षरेंहि आहेत. पुण्यांतच १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें भारतीय लिपि संगणकावर आणण्याचें मोठें काम केलें. हें सर्व खरें. परंतु युनिकोडाचे नागरी क्रमांक अक्षरांचे आहेत, ध्वनींचे नव्हेत. 'जात' या शब्दाचे क्रमांक दोन्ही वाक्यांत तेच येतात. लिहिलेलें मोठ्यानें वाचून दाखविणारें यंत्र, अंध बंधूंस ज्याचा मोठा आधार आहे, त्यास कोणता 'ज' म्हणावा हें कोणीतरी निराळें सांगावें लागतें. तेव्हां उच्चारांचा कोश लागतो, आणि तो ध्वनिलिपींत लिहावा लागतो. कित्येक वाचकयंत्रें आजहि एक्स-सॅम्पाच्या चिन्हांनीं दिलेला उच्चार स्वीकारतात.

आमची दुसरी चूक

आतां शेवटचें व मुख्य सांगावयाचें. ध्वनिलिपि लिहिणाऱ्यास एक शिस्त पाळावी लागते : जें ऐकलें तेंच लिहावयाचें, जें ऐकूं यावयास हवें होतें असें वाटतें, तें लिहावयाचें नाहीं. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीसंबंधीं ७ वा खंड १९०५ सालीं निघाला. त्या पाहणींत बोलीबोलींचे नमुने मिळवितांना उधळ्या पुत्राचा दाखला निवडला होता. तोच बाप, तेच दोन पुत्र, तेंच घरीं परत येणें. पण प्रत्येक प्रांतानें तें आपापल्या तोंडानें सांगितलें, आणि जसें सांगितलें तसें तें छापलें. हल्लींच्या काळांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्यानें मराठीच्या बोलींचें सर्वेक्षण केलें, त्यांतहि गांवोगांवच्या लोकांचें बोलणें ध्वनिमुद्रित करून ठेविलें आहे. सांगणाऱ्या आजीबाईस मध्येंच थांबवून 'व्हतं' नव्हे, 'होतं' म्हणा, असें तेथें कोणी म्हणत नाहीं. म्हटलें तर नमुना वायां जाईल.

आणि आम्हीं नेमकें तेंच केलें होतें. एक मुलगी आपल्यावरील अन्याय सांगत होती, आणि आम्ही तिच्या क्रियापदाचें रूप तपासीत होतों. ती काय म्हणते याकडे लक्ष दिलें असतें, तर निरोप पुन्हां पाहण्यास सुटीपर्यंत थांबावें लागलें नसतें, आणि वर्ग तिला हंसला नसता. आमची दुसरी चूक ही. पहिली चूक अपुऱ्या अक्षरांची म्हणून क्षम्य ठरेल; दुसरीस तसें निमित्त नाहीं.

याचा अर्थ शाळेनें प्रमाण भाषा शिकवूं नये असा नाहीं. ती तुम्हांस आली पाहिजे. अर्ज, परीक्षा, ग्रंथ व सभा यांची ती भाषा आहे, आणि ती शिकविणें हें आमचें कर्तव्य आम्ही सोडणार नाहीं. पण शिकविण्याची वेळ निराळी आणि ऐकण्याची वेळ निराळी. 'पाणी' आणि 'पानी' या दोन उच्चारांत, अंकांत पाहिलें तर, एका ९६ चा फरक आहे. संगणक तो फरक टिपून घेतो, हंसत नाहीं. शिवाय ज्या यंत्रास केवळ ग्रंथांतील उच्चारांचे नमुने ऐकविले जातील, तें तुमच्या आजीचें बोलणें ऐकून अडखळेल. अशीं यंत्रें तिलाहि समजूं शकावींत असें वाटत असेल, तर तिचे शब्द जसे आहेत तसे ऐकणारे व लिहून ठेवणारे लोक हवेत. ते शिरूर-दौंडाच्या शाळांतूनच निघाले तर किती उत्तम!

गृहपाठ

१. घरांतील सर्वांत वडील माणसाकडून पांच शब्द ऐका. ते सांगतील तसेच लिहा. दुरुस्त करूं नका.

२. 'च', 'ज', 'झ' असलेले दहा शब्द आरशासमोर उभें राहून म्हणा. जीभ दांतांशीं जाते कीं टाळूशीं, तें टिपा.

३. पुढील शब्द ओळखा : ११२, ९७, ५८, ११६, ९६. 'पी'चा क्रमांक ११२ आणि 'टी'चा ११६. उत्तर मिळाल्यावर शेवटचा ९६ काढून पुन्हां वाचा. एकानें शेतास पाणी जातें. दुसरी कांद्यास येते व भाकरीबरोबर गोड लागते.

पालकांसहि एक नम्र विनंति. तुमच्या मोबाइलवर नागरी अक्षरें आहेत. शाळेस निरोप पाठवितांना तीं अवश्य वापरा, म्हणजे कळेचा काल होणार नाहीं. आणि आमच्याकडून आम्ही एवढें वचन देतों कीं, निरोप कोणत्याहि अक्षरांत आला, तरी त्याचा अर्थ मुलीस किंवा मुलास जवळ बोलावून विचारूं, आणि उत्तर पुरतें होईपर्यंत ऐकूं.